फोटो स्वच्छ आहेत, पण त्यांत मी कुठे आहे?

पत्राचा सारांश: सांगलीत विश्रामबाग भागात राहणाऱ्या आणि एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एकोणचाळीस वर्षांच्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे माहेर नदीकाठच्या जुन्या गावभागातले. पाच वर्षांपूर्वी त्यांनी क्रॉप सेन्सरचा (प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असलेला) डीएसएलआर कॅमेरा आणि त्याच्यासोबत १८-५५ व ५५-२५० मिलिमीटर अशा दोन झूम लेन्स घेतल्या. कॅमेरा त्या स्वतःच शिकल्या आणि आता मॅन्युअल मोडवर सराईतपणे काम करतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचा सूर्यास्त, गणपती मंदिर, दंडोबाचा डोंगर, कासची फुले असे पुष्कळ फोटो त्यांनी काढले असून नातेवाइकांच्या आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर त्यांचे कौतुकही होते. ऑगस्टमध्ये एका स्थानिक स्पर्धेसाठी त्यांनी चार फोटो दिले, पण एकही निवडला गेला नाही. एक परीक्षक नंतर म्हणाले, “फोटो तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ आहेत, पण त्यांत तुमचे असे काही नाही.” हे वाक्य त्यांच्या मनातून जात नाही. भिशीचे लाखभर रुपये लवकरच हातात येणार आहेत. त्यांतून मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा की लडाखच्या फोटोग्राफी वर्कशॉपला जावे, हे त्यांना ठरवता येत नाही. “सांगलीत फोटो काढण्यासारखे आहे तरी काय?” असे त्या विचारतात आणि शेवटी लिहितात, “की मुळात माझ्यात सर्जनशीलताच नाही आणि मी हा नाद सोडून द्यावा?”

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र सविस्तर आहे आणि प्रांजळही आहे. त्याचा बराच मोठा भाग कॅमेरा, लेन्स आणि गाजलेली ठिकाणे यांनी व्यापलेला आहे. पण मध्येच, दुसरे काही सांगण्याच्या ओघात, तुम्ही लिहिले आहे की एप्रिलमध्ये सासूबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या, तुम्ही कॅमेरा घेऊन वर गेलात, थोडा वेळ उभ्या राहिलात आणि ‘यात काय फोटो काढायचा’ असे मनाशी म्हणून खाली आलात. मला उत्तराची सुरुवात या वाक्यापासून करावीशी वाटते.

आयर्विन पुलावर तुम्ही गेलात, कारण तिथला सूर्यास्त तुम्ही आधी इतरांच्या फोटोंत पाहिलेला होता. कासला जातानाही फुलांच्या गालिच्याचा फोटो कसा असतो, हे तुम्हाला घरातून निघण्यापूर्वीच ठाऊक होते. गच्चीवर मात्र तुम्हाला कोणी बोलावले नव्हते आणि तिथल्या फोटोचा कोणताही नमुना तुमच्या डोळ्यांसमोर नव्हता. तरीही तुम्ही कॅमेरा उचलून जिना चढलात. काहीतरी दिसले म्हणूनच चढलात. पण नमुना नसल्यामुळे ते फोटोच्या योग्यतेचे आहे की नाही याची खात्री वाटेना आणि तुम्ही माघारी फिरलात. परीक्षकांना तुमच्या चार फोटोंत जे सापडले नाही, ते तुम्ही त्या सकाळी गच्चीवर सोडून आलात, असे माझे स्पष्ट मत आहे.

परीक्षकांचे बोलणे तुम्हाला लागले, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या वाक्याचा पहिला भाग तुम्ही हिशेबातच धरलेला दिसत नाही. फोकस नेमका कुठे हवा, हात हलला तरी फोटो हलणार नाही असा शटर स्पीड कोणता, उजेड उतरू लागल्यावर आयएसओ (प्रकाशाला सेन्सरची संवेदनशीलता) किती वाढवायचा, हे सगळे तुम्ही नोकरी आणि संसार सांभाळून, कोणाच्या शिकवणीविना आत्मसात केले आहे, आणि ते एका जाणकाराच्या नजरेला दिसले आहे. या पायरीवर पोहोचलेल्या माणसालाच पुढची उणीव सांगण्यात अर्थ असतो. त्या परीक्षकांनी तुम्हाला झिडकारले, असे मला वाटत नाही. उलट त्यांनी तुमच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणे केले आहे.

आता कॅमेऱ्याचा विचार करू. फुल फ्रेम कॅमेऱ्याचे फायदे खरे आहेत. मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश अधिक गोळा होतो, त्यामुळे अंधारातल्या फोटोंत दाणे (खरखरीत ठिपके) कमी दिसतात, आणि नव्या मॉडेलांचा ऑटोफोकस चालत्या माणसाचा डोळाही अचूक धरून ठेवतो. रात्रीचे कीर्तन, नाटकाचा प्रयोग किंवा मांडवातले लग्न यांचे फोटो काढणाऱ्याला या गोष्टींची गरज असते. तुमची तक्रार मात्र दाण्यांची नाही, फोकस सुटल्याची नाही आणि अंधाराचीही नाही. मग नवा कॅमेरा तुमची नेमकी कोणती अडचण दूर करील, हा प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी स्वतःला विचारावा. आणखी एक गोष्ट दुकानात बहुधा शेवटी सांगितली जाते: तुमच्याकडच्या दोन्ही लेन्स क्रॉप सेन्सरसाठी बनवलेल्या आहेत आणि फुल फ्रेमवर त्यांचा पुरेपूर उपयोग होत नाही. म्हणजे भिशीचे लाख रुपये बहुतेक एकट्या कॅमेऱ्यातच संपतील आणि चांगल्या लेन्ससाठी पुन्हा पुढच्या भिशीची वाट पाहावी लागेल.

काही घ्यायचेच असेल तर एफ १.८ अ‍ॅपर्चरची ३५ किंवा ५० मिलिमीटरची साधी प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्यावी. नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या एका लहान हिश्श्यात ती मिळते. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे उघडते; तुमची कॅमेऱ्यासोबतची १८-५५ किट लेन्स ५५ मिलिमीटरवर जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडते, एफ १.८ वर तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत येतो, आणि जुन्या घराच्या माजघरात किंवा दुकानाच्या आतल्या बाजूला हा फरक निर्णायक ठरतो. क्रॉप सेन्सरवर ५० ची लेन्स साधारण ७५ ते ८० मिलिमीटरसारखे, म्हणजे जवळ ओढलेले, दृश्य दाखवते, त्यामुळे लहान खोलीत ती अडचणीची होते. घरात आणि गल्लीत काम करायचे असेल तर ३५ बरी. पण लेन्स घेण्याआधी एक प्रयोग फुकटात करता येईल. तुमची १८-५५ लेन्स ३५ वर आणा, झूमच्या रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून टाका आणि महिनाभर ती काढू नका. झूम फिरवता येत नाही तेव्हा माणसाला स्वतः पुढे-मागे व्हावे लागते, आणि पुढे-मागे होताना ‘या माणसाच्या मी किती जवळ उभी राहू’ हा निर्णय दर वेळी जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. आजवर तो निर्णय तुमच्यासाठी झूम घेत होता.

लडाखविषयी. लडाख सुंदर आहे आणि तुम्ही तिकडे जरूर जावे, पण कुटुंबासह, सहलीला. या प्रश्नावरचा उपाय म्हणून जाऊ नये. अशा बऱ्याच वर्कशॉपमध्ये ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी, एका रांगेत ट्रायपॉड लागतात. फोटो देखणे येतात, पण शेजारच्या ट्रायपॉडवरही तेच फोटो असतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठी तुम्ही औषध शोधत आहात, तेच तिथे पैसे देऊन वाढेल. शिकायला पैसे खर्च करण्यास माझा विरोध मुळीच नाही. मात्र शिक्षक तुम्हाला कुठे नेणार आहे यापेक्षा तो तुमचे आधीचे फोटो बसून पाहणार आहे का, हे विचारून मग पैसे भरावेत. जो पाहणार नसेल, त्याच्याकडे जाऊ नये.

‘सांगलीत फोटो काढण्यासारखे आहे तरी काय?’ हा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तो केवळ तुमचा नाही. साताऱ्याहून, कराडहून, इस्लामपूरहून पत्र लिहिणारे तरुण-तरुणीही तो याच शब्दांत विचारतात. प्रत्येकाला फोटोची जागा आपल्या गावाच्या वेशीबाहेर आहे असे वाटते.

योसेफ सुडेक (१८९६–१९७६) हा चेक छायाचित्रकार. पहिल्या महायुद्धात त्याने उजवा हात गमावला होता. प्रागमध्ये एका अंगणात त्याचा लहानसा स्टुडिओ होता. १९४० ते १९५४ या काळात, ज्याची पहिली काही वर्षे नाझी राजवटीत गेली, त्याने त्या स्टुडिओच्या एका खिडकीचे फोटो पुन्हा पुन्हा काढले. काचेवर जमलेले बाष्प, ओघळलेले थेंब, हिवाळ्यातले बर्फ आणि बाहेर अंगणातले एक वाकडेतिकडे झाड, एवढाच त्याचा विषय. खिडकी तीच, झाड तेच. ऋतू, प्रकाश आणि पाहणाऱ्याची मनःस्थिती तेवढी बदलत गेली. आज त्याचे नाव जगभर ज्या फोटोंसाठी घेतले जाते, त्यांत या खिडकीचे फोटो अग्रभागी आहेत. आपल्याकडे होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी मुंबईत सुरुवात केली ती बरोबर शिकणाऱ्या मैत्रिणींच्या आणि शहरातल्या रोजच्या व्यवहारांच्या फोटोंनी. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात असत. देशाच्या घडामोडींची छायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जाऊ लागल्या ते त्यानंतर, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. दोघांचीही सुरुवात हाताशी असलेल्या गोष्टीपासून झाली, एवढेच इथे लक्षात घ्यावे.

तुमच्या अडचणीचे माझे निदान असे आहे: तुम्ही प्रत्येक गोष्टीचा फोटो एकदाच काढता आणि पुढच्या ठिकाणाकडे निघता. पहिल्या भेटीत माणसाला तेच दिसते जे सर्वांना दिसते, कारण त्या वेळी आपण आधी पाहिलेली चित्रेच शोधत असतो. ती मिळून संपली, की मग डोळा मोकळा होतो. हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत घडते, कधी त्याहूनही उशिरा, आणि तुम्ही तोवर तिथे थांबलेल्याच नसता. तुमचे फोटो इतरांसारखे दिसतात याचे कारण हे आहे. त्यासाठी प्रतिभेच्या अभावाचा आळ स्वतःवर घेण्याची गरज नाही.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य सूचना अशी, की एक विषय निवडा आणि किमान एक वर्ष त्याच्याकडे परत परत जा. तुमच्या पत्रात आणि तुमच्या परिसरात असे विषय आहेत. त्यांपैकी तीन विषयांबद्दल थोडे तपशिलाने लिहितो.

पहिला विषय तुमच्या घरातच आहे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून तो गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि ऊन चढायच्या आत कुरडया घालून मोकळे व्हायचे, असा हा सकाळचा खेळ असतो. म्हणजे काम चालू असते तेव्हा सूर्य खाली असतो आणि प्रकाश आडवा येतो. आडव्या प्रकाशात कुरडईची एकेक शेव वेगळी उठून दिसते. दहा वाजल्यानंतर डोक्यावरच्या उन्हात तीच कुरडई पांढरा सपाट गोळा दिसते. पातेल्यातून निघणारी वाफ फोटोत यायला हवी असेल तर सूर्य वाफेच्या मागे आणि त्यामागे पाण्याच्या टाकीच्या सावलीसारखे काहीतरी काळपट येईल असे उभे राहावे लागेल. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो, म्हणून पांढऱ्या कुरडया मळकट येतात. मीटर दाखवतो त्यापेक्षा एक स्टॉप प्रकाश अधिक, म्हणजे दुप्पट, द्या आणि मागच्या स्क्रीनवर शेवांमधले तपशील उडाले नाहीत ना, हे पाहा. इतके झाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. सासूबाईंच्या हातातल्या सोऱ्याचा जोर, मनगटावर मागे सारलेल्या बांगड्या, कावळ्यांना हाकलायला जवळ ठेवलेली काठी, यांपैकी तुम्हाला जिना चढायला कशाने भाग पाडले? ते तुम्हालाच ठाऊक आहे, आणि ते शोधण्यासाठी कुरडयांबरोबर सांडगे, पापड, मसाला, पावसाळ्याआधीची धान्याला दिलेली उन्हे असे वर्षभराचे काम गच्चीवर आहे.

दुसरा विषय तुमच्या माहेराचा. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलावरून तुम्ही सूर्यास्त टिपलात. पण जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीकर त्या पुलाकडे सूर्यासाठी जात नाही, पाणी किती फुटांवर आले हे पाहायला जातो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आकडे गावभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले, तेव्हाच्या आठवणी तुमच्या माहेरच्या घरात नक्कीच असतील. पहिल्या मजल्यावर सामान चढवून ठेवण्याची ती सवय, भिंतीवर उरलेली पाण्याची रेघ, कागदपत्रांची पिशवी आता कुठे टांगलेली असते ते, पुलाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाची पाण्याकडे पाहण्याची तऱ्हा. बाहेरून आलेला फोटोग्राफर, त्याचा कॅमेरा कितीही महाग असला तरी, हे फोटो काढू शकणार नाही, कारण कुठे पाहायचे हे त्याला माहीत नाही. तुम्हाला ते न सांगता माहीत आहे. मला विचाराल तर तिन्हींपैकी मी हा विषय निवडेन. फक्त एक पथ्य पाळावे लागेल. प्रत्यक्ष पुराच्या दिवसांत, स्थलांतराच्या छावणीत, हतबल झालेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा रोखू नये. त्या वेळी मदतीला जावे. फोटो आधीचे आणि नंतरचे काढावेत.

तिसरा विषय शहर बसने अर्ध्या तासावर आहे. मिरजेत शस्त्रांना धार लावणारी शिकलगार कुटुंबे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवण्याकडे वळली, आणि आज मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे; ते २०२४ मध्ये मिळाले. सतारमेकर गल्लीत जाणारा प्रत्येक जण मंगळवेढा-पंढरपूर भागातून आलेल्या भोपळ्यांच्या राशीचा फोटो काढतो. काढण्यासारखाच तो असतो, तुम्हीही काढा. पण तिथे शांतपणे बसून राहिलात तर जवारी काढण्याचे, म्हणजे तारेचा स्वर हवा तसा गुंजावा म्हणून घोडी घासण्याचे, काम पाहायला मिळेल. कारागीर घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) माथ्यावरून कानस अगदी हलक्या हाताने फिरवतो, तार छेडतो, मान कलती करून ऐकतो, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून पुन्हा ऐकतो, आणि समाधान होईना म्हणून पुन्हा कानस उचलतो. त्या ऐकण्याच्या क्षणी त्याचा चेहरा समोरच्या कोणासाठीच नसतो. आवाजाचा फोटो निघत नाही, पण ऐकण्याचा निघू शकतो. तो क्षण केव्हा येणार हे कळायला आधी ते काम समजावे लागते, आणि काम समजायला तिथे जात राहावे लागते. तांत्रिक बाजू लहानशी आहे: दुकानातल्या ट्यूबलाइटचा आणि काही एलईडी दिव्यांचा प्रकाश विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, त्यामुळे फार वेगवान शटर ठेवल्यास फोटोत पट्टे येतात, शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे.

ज्यांना यांतले काही जमण्यासारखे नाही, त्यांच्यासाठी मार्केट यार्डातले हळदीचे सौदे आहेत, तासगावकडची बेदाण्याची शेड आहेत. हळदीत काम करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: त्या धुळीत लेन्स बदलू नये, आणि पिवळा रंग इतका तीव्र असतो की फोटोत त्याचा लाल चॅनल (लाल रंगाचा थर) आधी जळतो, म्हणजे जास्त प्रकाशाने त्यातले तपशील उडतात, व राशीचा पोत नाहीसा होतो, म्हणून तीन रंगांचा हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांच्या उजेडाचा आलेख) पाहून प्रकाश थोडा कमीच घ्यावा आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) साठवावा.

अनोळखी ठिकाणी पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. मालकांना, वडीलधाऱ्यांना काका, चाचा म्हणून रीतसर विचारावे, कशासाठी फोटो काढायचे आहेत ते सांगावे, चहा दिला तर घ्यावा. पुढच्या खेपेला मागच्या खेपेचे चार प्रिंट घेऊन जावेत आणि ज्यांचे आहेत त्यांना द्यावेत. फोटो मोबाइलवर पाठवून हा परिणाम होत नाही. हातात दिलेला प्रिंट भिंतीवर लागतो आणि त्यानंतर तुम्ही त्या जागी पाहुण्या राहत नाही. एकटीने जाणे अवघड वाटत असेल तर मुलाला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्या, परंतु त्यांना आधीच सांगून ठेवा की आपण एकाच जागी बराच वेळ बसणार आहोत.

आता सर्जनशीलतेविषयी, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही ज्या शब्दांत स्वतःविषयी लिहिले आहे, ते वाचून मला वाईट वाटले. सर्जनशीलता हा जन्मतः मिळालेला किंवा न मिळालेला ऐवज आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. काही माणसांना उपजत डोळा असतो, हे मी नाकारणार नाही. पण फोटोग्राफीत सर्जनाचा मोठा भाग निवडीत असतो, आणि निवड ही शिकण्याची गोष्ट आहे. शटर दाबताना एक निवड होते, जिच्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. कुठे आणि कितीदा जायचे ही त्याआधीची निवड झाली. आणि घरी आल्यावर काढलेल्या फोटोंतून कोणते ठेवायचे, ही तिसरी निवड आहे, जी तुम्ही आजवर केलेलीच नाही. तुम्हीच लिहिले आहे की हार्ड डिस्कवर हजारो फोटो आहेत आणि ग्रुपवर टाकलेले सोडले तर बाकीचे पुन्हा उघडलेले नाहीत. ग्रुपवर कोणते जातात? जे लगेच ‘मस्त’ म्हटले जातील असे. म्हणजे पाच वर्षे तुमच्या फोटोंची निवड तुमच्या मैत्रिणींच्या आवडीने होत आली आहे. यात त्यांचा दोष नाही. त्या प्रेमाने कौतुक करतात, परंतु कौतुकातून फोटो कुठे कमी पडला हे कळत नाही.

तेव्हा दुसरी सूचना. दिवाळीच्या सुट्टीत त्या हार्ड डिस्कमधून, चांगला-वाईट न पाहता, ज्या फोटोंपाशी तुमची नजर कारण नसताना थांबते असे शंभर-एक फोटो बाजूला काढा आणि लॅबमधून त्यांचे साधे चार बाय सहाचे प्रिंट करून घ्या. ते सगळे जमिनीवर मांडून ठेवा आणि आठवडाभर येता-जाता पाहा. स्क्रीनवर फोटो एकामागून एक दिसतात. जमिनीवर ते एकमेकांशेजारी येतात, आणि तेव्हा लक्षात येते की आपण काही गोष्टींकडे नकळत वारंवार वळलेलो आहोत. कदाचित पाठमोरी माणसे असतील, कदाचित काम करणारे हात, उंबरठे, दुपारच्या रिकाम्या जागा. काय निघेल ते मी सांगू शकत नाही, पण काही तरी निघेल, कारण पाच वर्षे कॅमेरा तुमच्याच हातात होता. ‘तुमचे असे काही’ म्हणून परीक्षक जे शोधत होते, त्याचा माग इथे लागेल. स्पर्धेला पाठवलेल्या चार फोटोंत तो नसावा, कारण ते चार तुम्ही स्पर्धेत काय चालते याच्या अंदाजाने निवडले होते.

हे प्रिंट अशा एक-दोन माणसांना दाखवा, जी ‘छान’ म्हणून थांबणार नाहीत. माझा आग्रह आहे की त्यांतले एक तेच परीक्षक असावेत. त्यांना निरोप पाठवा, वेळ मागा, सोबत दहा प्रिंट न्या आणि ‘यांतले कोणते ठेवाल, कोणते काढाल आणि का?’ एवढेच विचारा. ज्याने एवढे नेमके वाक्य उच्चारले, तो माणूस अर्धा तास बसून बोलायला बहुधा तयार होईल. त्यांचे सगळे पटले पाहिजे असे नाही. एखादा फोटो त्यांनी बाजूला काढला आणि तुमचा हात तो परत उचलायला पुढे गेला, तर तो फोटो आवर्जून जपून ठेवा.

वेळेविषयी तुम्ही लिहिले आहे की मुलाचे दहावीचे वर्ष आहे, रविवारशिवाय सवड नाही, आणि स्वतःसाठी बाहेर पडताना अपराधी वाटते. रविवारची सकाळ पुरेशी आहे. दोन तास ठरवून घ्या आणि ते कॅलेंडरवर सर्वांना दिसेल असे लिहा; रोज ‘आज जाऊ की नको’ याची परवानगी घरातल्यांकडे मागत बसण्यापेक्षा एकदा ठरलेला वेळ सगळ्यांनाच सोयीचा पडतो. यजमान सुचवतात त्याप्रमाणे लग्नाच्या ऑर्डर घेऊन ‘कॅमेऱ्याचा खर्च भरून काढण्याचा’ विचार सध्या बाजूला ठेवावा. तो मेहनतीचा आणि सन्मानाचा व्यवसाय आहे, परंतु तिथे गिऱ्हाइकाला हवे ते द्यावे लागते, आणि तुम्हाला काय हवे आहे याचा शोध नुकता कुठे सुरू होत आहे. दोन्ही एकदम केल्यास रविवार लग्नांत जातील.

ज्या वाचकांकडे कॅमेरा नाही, फक्त मोबाइल आहे, त्यांनी हे उत्तर आपल्यासाठी नाही असे समजू नये. एकच लेन्स वापरणे, एकाच जागी परतणे, प्रिंट काढून निवडणे आणि फोटो ज्याचा त्याला नेऊन देणे यासाठी मोबाइल पुरतो. पोर्ट्रेट मोड आणि तयार फिल्टर मात्र वर्षभर बंद ठेवावेत, म्हणजे आपण काय केले आणि फोनने काय केले हे वेगळे ओळखता येईल.

भिशीच्या पैशांचे असे करा. ते वर्षभरासाठी ठेवीत टाका. पतसंस्थेत असल्यामुळे त्याचा मार्ग मी तुम्हाला सांगायला नको. वर्षाच्या शेवटी तुम्ही निवडलेल्या विषयाचे फोटो समोर घ्या आणि जे फसले ते कशामुळे फसले हे पाहा. माजघरातल्या अंधारात, प्राइम लेन्स लावूनही, तुम्हाला हवा असलेला फोटो पुन्हा पुन्हा हातचा गेला असेल, तर नवा कॅमेरा निःशंक मनाने घ्या. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच स्पर्धेला चार वेगवेगळ्या ठिकाणांचे फोटो पाठवू नका. चारही एकाच विषयावरचे पाठवा. अर्ज भरण्यापूर्वी सासूबाईंना ते दाखवायला मात्र विसरू नका, विशेषतः विषय गच्चीवरचा निवडला असेल तर, कारण फोटो बाहेर पाठवायचे की नाहीत यावर पहिला हक्क त्यांचा आहे.